मच्छरदानीतली मिरची

९ मे २०२५, शुक्रवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. काखेत थर्मामीटर धरून बसलो होतो. आज ९८ निघाला.

प्रिय लालसू,

आधी कामाचं. तू आणि मंगली, दोघांनी आजच रक्त तपासून घ्या. वेळ नसेल तर पत्र इथंच घडी कर आणि निघ, उरलेलं दवाखान्यात नंबर येईपर्यंत वाच. पण शेवटपर्यंत वाच, आणि मंगलीसमोर मोठ्यानं वाचू नको.

तुझ्या गावात फोन लागत नाही. आमच्या गावचा गोपाल आज तुमच्याकडच्या तेंदूपत्त्याच्या फळीवर, पानांचे पुडे मोजून घेतात तिथं, हिशेब लिहायला निघाला आहे, म्हणून त्याच्या हाती देतो. आजच दे असं मी त्याला चार वेळा सांगितलं. तो म्हणाला, "किती खेपा सांगतं बे? पत्र हाये का कोर्टाचं समन्स?"

तेलंगणातून मिरची तोडून आपण ११ एप्रिलला आलापल्लीला उतरलो. तू आणि मंगली एटापल्लीच्या गाडीत बसलात, मी गोंडपिपरीच्या. घरी आलो तेव्हाच अंग मोडून आलं होतं. १४ तारखेला जयंतीच्या मिरवणुकीत मी झेंडा धरणार होतो. त्या वेळी मी दोन चादरी घेऊन घरात कुडकुडत होतो आणि डीजेच्या आवाजानं डोकं फुटत होतं. वहीत सात तक्रारी लिहिल्या: हाताची आग, खोकला, पोटात जळजळ, डोकेदुखी, डाव्या बरगडीखाली जड वाटणं, लघवी गडद पिवळी आणि हुडहुडी भरून ताप. आई म्हणाली, "मिरचीची गर्मी हाये. आंगातून जायले महिना लागते. ताक पी." आमच्याकडे मिरचीहून आलेला प्रत्येक माणूस महिनाभर जळतो, खोकतो, म्हणून त्याला कोणी आजार म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. खासगी डॉक्टरला सांगितलं, मिरची तोडून आलो. त्यांनी हात पाहिले, मलम दिलं, अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावलं. कुठं झोपत होतो ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

वजन सात किलो उतरलं तेव्हा आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या बायनाबाई घरी आल्या. मी वही पुढं केली. मी तापाची वेळ लिहितो म्हणून तिकडे मिरचीच्या शेतावर, आपल्या राहायच्या शेडमध्ये, तुम्ही हसायचात. "आख्ख्या तेलंगणाले घाम फुटून राह्यला, अन् ह्या पोराले थंडी वाजते," असं तूच म्हणायचास. बायनाबाई हसल्या नाहीत. एकेका ओळीवर बोट ठेवत म्हणाल्या, "मंगळवार तीन, गुरुवार तीन, शनिवार तीन. मिरची घड्याळ पाहून लागते काय रे?" बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. मलेरिया निघाला. हाताची आग आणि खोकला मिरचीचाच, तो आपोआप जाईल. बाकीचं या तापाचं, हे त्यांनी मला वेगवेगळं करून समजावलं. सात तक्रारी एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे मला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "मच्छरदानी नोती काय?" मी खाली पाहिलं. होती. मंगलीनं घरून सरकारी दोन आणल्या होत्या. पण मजुरी म्हणून आपल्या वाट्याला येणारी मिरची वाऱ्यानं उडून दुसऱ्याच्या ढिगात जात होती. मीच म्हणालो, मच्छरदानीत बांधून ठेवू, हवाही लागेल आणि ढीगही राहील. तू सगळ्यांना सांगितलंस, "नववी शिकलेला माणूस हाये, डोकं पाह्य!" दोन दिवसांत शेडमधल्या सगळ्यांच्या मच्छरदान्या मिरचीवर गेल्या. कालव्याच्या काठी बत्तीस रात्री आपण उघडे झोपलो आणि मिरची जाळीत. लालसू, ती माझी अक्कल होती. तू चांगुलपणानं ते कधी बोलणार नाहीस, म्हणून मीच लिहितो.

आधी तीन दिवस मोठ्या गोळ्या होत्या. त्यासोबत चौदा दिवसांची एक लहान गोळी, जेवल्यावर. ताप तिसऱ्या दिवशी गेला. आज आठवा दिवस. ताप गेला की लोक गोळ्या सोडतात आणि तो परत येतो, असं बायनाबाई म्हणतात. तुला दिल्या तर एकही चुकवू नको. दुपारचे तीन वाजले की मी अजून चादर शोधतो. घरात सगळे म्हणतात बरा झालास, पण मला अन्न गोड लागत नाही. त्याचं कारण खाली लिहितो.

तू मुकादमाकडे वजन करायला गेला होतास, त्या दुपारी शेडमागे मंगली पोतं पांघरून बसली होती. दात वाजत होते. म्हणाली, "माझ्या नवऱ्याले सांगू नको भाऊ. आता घरी गेलो तर वाटा नाई भेटत. बाळंतपणाले कामी येईन." शेवटच्या तोडणीआधी जाणाऱ्याला मुकादम मिरची देत नव्हता, हे तुलाही माहीत आहे. तिनं मला शपथ घातली. मी तिला तापाची अर्धी गोळी दिली, अर्धी मी घेतली. असं अकरा वेळा झालं. वहीत त्या दिवसांपुढे 'म' लिहिलेलं आहे. काल बायनाबाईंनी तो 'म' कोण म्हणून विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "पोटुशी हाये, अन् तू आता सांगतं?" पोटुशीला हा ताप फार वाईट, तिलाही आणि बाळालाही. दवाखान्यात पाय ठेवताच सहावा महिना चालू आहे हे सांग. तिच्या गोळ्या डॉक्टर ठरवतील. लहान गोळी तिला चालत नाही. तिकडे आपण सगळं अर्धं अर्धं केलं, आता तुझ्यातली अर्धी तिला देऊ नको. या महिन्याभरात तिनं तुला सांगितलं की नाही, ती कशी आहे, मला काहीच माहीत नाही. तिच्यावर रागावू नको. माझ्यावर रागाव, पण आधी तिला घेऊन जा.

तुझाच,
प्रणित

माझा खर्च: खासगी दवाखाना २,८५०. थर्मामीटर १२०. बायनाबाईंची तपासणी आणि गोळ्या ०, तुम्हालाही ० लागतील.
तुझे माझ्याकडे राहिलेले: ३००.
पाकिटात ८००. त्यात तुझे ३०० आले. बाकी ५०० जीपचं भाडं, दोघांचं, जाऊन-येऊन.