गाल फुटले म्हणून कुलूप

काष्टी, ता. श्रीगोंदा
२४ डिसेंबर २०२४

चि. प्रशांत यास आबाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा रागात भलतंच लिहून गेलो, म्हणून कागद फाडले. फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि तू मध्येच तोडतोस. पत्र शेवटपर्यंत वाचावंच लागतं.

भावकीतला बजरंग संगमनेरहून आला. त्यानं सांगितलं, की थंडीनं सुकन्याचे गाल फुटले म्हणून तू तिच्या सायकलीला कुलूप घातलंस आणि किल्ली खिशात घेऊन हिंडतोस. बारा जानेवारीला श्रीरामपूरचे पाहुणे तिला बघायला येणार, तोवर तिनं वाऱ्याला तोंड दाखवायचं नाही म्हणे. अरे, पोरीला डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायचं काम लागून दोन महिने झाले. सहाला टँकर येतात, पहिली एसटी सातला. सायकल नसेल तर ती जाणार कशी? मी सातवी नापास, तरी मला हे कळतं. तुला पंधरावी शिकवून मी काय मिळवलं?

मी वीस वर्षं सायकलीला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून दूध घातलं. पौषात नाकाचा शेंडा बधिर व्हायचा, ओठ तडकायचे. माझ्या सायकलीला कुणी कुलूप घातलं नाही. नाकातोंडावरून मऊ सुती फडकं बांधायचं. लोकर नको, ती टोचते. श्वासानं ओलं झालं की कोरडी बाजू पुढे घ्यायची. ओठ जिभेनं चाटायचे नाहीत. हे बापानं सांगायचं असतं. तू सांगायचं सोडून किल्ली लपवतोस. पोरीच्या आईनं, सीमानं तरी हे कसं चालू दिलं, तिलाही विचार.

कुलूप काढ. आशीर्वाद कमी केलेले नाहीत, पण रागही कमी केलेला नाही.

आबा


संगमनेर
२८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. सीमानं अर्धं वाचून ठेवून दिलं, मी पुरतं वाचलं. बजरंगनं तुम्हाला कुलूप सांगितलं, पोरीच्या गालांतून रक्त येत होतं ते सांगितलं नाही. सायकलीवर निघण्याआधी कढत पाण्यानं साबण लावून तोंड धुवावं, म्हणजे थंडी मोडते, असं दिवाळीत तिला कुणी सांगितलं? तुम्हीच. आबांनी सांगितलं म्हणून ती ते रोज नेमानं करत राहिली. डॉक्टर म्हणाले, गरम पाण्यानं आणि साबणानं कातडीचं तेल गेलं, वर गार वारा. पाच तारखेपर्यंत वाऱ्यात जायचं नाही.

सहा तारखेला हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला देऊ, असं डेअरीवाल्यांनी कळवलंय. मी म्हणतो, देऊ देत. माझी रात्रपाळी सातला सुटते, मी तिला सोडू शकत नाही. पाच तारखेनंतर आणखी आठवडाभर घरात राहिली तर पाहुण्यांपुढे चेहरा नीट दिसेल. स्थळ चांगलं आहे. नोकऱ्या पुन्हा मिळतात. ती माझ्याशी बोलत नाही, ते तुमच्यामुळे की माझ्यामुळे, हे तुम्हीच ठरवा.

तब्येतीला जपा. चिडलात तरी माया आटू देऊ नका.

तुमचा प्रशांत


काष्टी
१ जानेवारी २०२५

चि. प्रशांत यास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. चूक माझी. आधी राग एकट्या तुझ्यावर होता, आता आपल्या दोघांवर आहे. त्यानं तुझा वाटा कमी झाला असं समजू नकोस.

त्याच कढत पाण्यानं माझे गाल कसे टिकले, ते मला आठवेना. काल आठवलं. मी तोंड धुऊन निघालो, की माझी आई ताक घुसळता घुसळता उठायची आणि लोण्याचे हात माझ्या तोंडावर पुसायची. मला वाटायचं, हिला हात पुसायला माझंच तोंड सापडतं. मी चिडून मान फिरवायचो. सुकन्याला मी पाणी सांगितलं, लोणी सांगितलंच नाही. ते औषध होतं, हे मला सत्त्याहत्तराव्या वर्षी कळलं.

आता ऐक. पाच तारखेपर्यंतचे दिवस डॉक्टरांचे, ते मला मान्य. सहापासून बारापर्यंतचे दिवस पाहुण्यांचे, ते मला मान्य नाहीत. सहा तारखेला पहाटे कुलूप उघडं असलं पाहिजे. निघताना तोंडाला पाणी लावायचं नाही. गालांना, नाकाला, कानांच्या पाळ्यांना डॉक्टरांचं मलम जाड लावायचं, मग फडकं. तोंड धुवायचं ते परत आल्यावर, कोमट पाण्यानं. तू पाळीवर असशील, तेव्हा किल्ली आदल्या दिवशीच सीमाकडे दे.

आणखी एक. स्थळाची चौकशी करा म्हणून श्रीरामपूरचा पत्ता तूच मला दिला होतास. तुला न विचारता मी त्या लोकांना कार्ड टाकलं आहे. लिहिलं, की मुलीचे गाल तिच्या आजोबाच्या अकलेमुळे फुटले आहेत. गाल बघायचे असतील तर फाल्गुनात यावं. मुलगी बघायची असेल तर बारा तारखेलाच यावं, पण दुपारनंतर, सकाळी ती कामावर असते.

आता तू चिडशील. चीड. पाहुणे काय म्हणाले ते मागाहून कळवलंस तरी चालेल. सहा तारखेला पोरगी टँकरच्या आधी पोचली का, एवढं मात्र त्याच दिवशी कार्ड टाकून कळव. पोस्टमन येईपर्यंत मला दुसरं काही सुचायचं नाही.

आबा