मायनस चाळीस

बाबा,

मागच्या वेळी याच वहीच्या शेवटच्या पानांवर तुम्हाला लिहिलं, त्यात एक चूक आहे. त्या मुलीचं 'मायनस' हे नाव वर्गातल्या मुलींनी पाडलं, असं मी लिहिलं होतं. ते मी पाडलं. शाळेत मोठ्या बाईंना जे लेखी दिलं त्यातही हीच चूक आहे, आणि त्याखाली माझी सही आहे.

हल्ली मुलं 'ऑरा' म्हणतात. कुणी काही भारी केलं की प्लस शंभर ऑरा, फजिती झाली की मायनस शंभर. मला सहावीला ऋण संख्या शिकवायच्या होत्या आणि कोथरूडच्या या शाळेत माझ्या तासाला कुणी फळ्याकडे बघतही नव्हतं. मी फळ्याच्या कडेला सगळ्यांची नावं लिहिली. बरोबर उत्तराला प्लस दहा ऑरा, चुकीला मायनस दहा. पहिल्याच दिवशी मागच्या बाकांवरून हात वर आले. "मिस, तुम्ही एकदम भारी," असं एक जण म्हणाला. ते वाक्य मी घरी पोचेपर्यंत मनात घोळवत होते.

ती मुलगी धायरीहून येते, यंदाच आली. चार दिवसांत तिच्या नावापुढे मायनस चाळीस झालं. पाचव्या दिवशी तिने हात वर केला. "बाई, मला एक इचारायचं हाय. शून्यावर यायला चारच गणितं लागतील ना?" वर्ग तिच्या बोलण्याला हसला. मी म्हणाले, "चारच. पण आपल्याला झेपतील का, मायनस मॅडम? आपण बसावं." मग वर्ग माझ्यासाठी हसला. ऋण चाळीसमध्ये दहा-दहा मिळवत शून्यावर यायचं, हाच तर धडा होता. तो तिला नीट कळला होता. ती बसली. त्यानंतर मधल्या सुट्टीत, जिन्यात, बसमध्ये तिचं तेच नाव झालं. आता दोन आठवडे ती शाळेत येत नाही, म्हणून मोठ्या बाईंनी माझ्याकडून लेखी मागितलं.

हे 'आपण' कुठलं, ते तुम्ही ओळखलं असेल. खडकीच्या क्वार्टरमध्ये आई पोळ्या लाटते आहे आणि फॅक्टरीतून आल्यावर हातपाय धुऊन तुम्ही मला पाढे विचारता आहात. मी जेमतेम दुसरीत आहे. तुम्ही कधी हात उचलला नाहीत. एरवी मी 'तू' असायचे, चुकले की 'आपण' व्हायचे. "सतरा सत्ते एकशे सत्तावीस? वा. आपण जेवून घ्या, गणिताला कशाला त्रास देता." दादा मोठ्याने हसायचा. आई आमच्याकडे पाठ करून हसायची, पण तिचे खांदे दिसायचे. मला स्कॉलरशिप मिळाली तेव्हा तुम्ही कंपासपेटी आणलीत आणि म्हणालात, "आता आपल्याला सबब उरली नाही."

शेवटी दवाखान्यात नर्सने तुम्हाला विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?" तुम्ही गुरुवार म्हणालात. सोमवार होता. मी म्हणाले, "वा. आपण आराम करावा." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. माझ्याशी त्यानंतर बोलला नाहीत, आणि बुधवारी गेलात.

माझं लेखी वाचून मोठ्या बाईंनी दोन मुलींना दोषी धरलं आहे. परवाच्या पालकसभेत त्या दोघींनी तिच्या आईची सगळ्यांसमोर माफी मागायची आहे. त्यातली एक काल मला जिन्यात भेटली. "मिस, पण आधी तुम्हीच म्हणालात ना?" मी म्हणाले, "आधी कोण म्हणालं ते महत्त्वाचं नाही." ती 'हो मिस' म्हणून खाली गेली.

नोकरी जाईल याची भीती आहे. पण मोठ्या बाईंना सांगणार नाही अशी एक गोष्ट तुम्हाला सांगते, कारण हे पान वहीतच राहणार आहे. वर्ग हसला तेव्हा मला तुमच्यासारखं झाल्याचा आनंद झाला होता.

त्या दोघी उभ्या राहण्याआधी मी उभी राहणार आहे. कॅलेंडर दोनदा बघितलं. आज खरंच गुरुवार आहे. सभा शनिवारी, सकाळी साडेआठला.