सीटखालची फुसफुस

ता. ३ मे

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्यावरून हे पत्र. परवा फोनवर मी सगळं सांगत होते, तर इंजिनाच्या तक्रारी तोंडी घ्यायच्या नसतात, लिहून पाठव, असं म्हणून तुम्ही फोन आईच्या हातात दिलात. चाळीस वर्षं झाली तरी रोज गॅरेजात जाणाऱ्या माणसाला आता उंटावरून शेळ्या हाकायची हौस आली असेल, तर लेक शेळी व्हायला तयार आहे.

शेळीचं म्हणणं असं. व्हॅन रस्त्यावर झकास पळते, उभी राहिली की बिघडते. गिअर न्यूट्रलला टाकून रेसवरून पाय काढला की इंजिन आचके देतं, आरसा थरथरतो आणि दर तिसऱ्या सिग्नलला गाडी बंद पडते. पेट्रोल नेहमीच्याच पंपावरचं आहे. एअर फिल्टर झटकला, बॅटरीची टोकं घासली, फरक नाही.

घाई अशासाठी की अठरा तारखेला डायलिसिस केंद्रात गाडीची तपासणी आहे. मी चार पेशंट आठवड्यातून तीनदा नेते-आणते, ते काम दर वर्षी या तपासणीवर ठरतं. व्यवस्थापक बाई गेटपाशी दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायला लावतात. ते बंद पडलं तर काम नव्या गाड्यांच्या कंपनीला जाईल, असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. ही एकोणीस वर्षांची गाडी आणि मी, दोघींना दुसरीकडे कोणी विचारणार नाही.

आईला नमस्कार. लोभ आहेच; तो तरी मधेच बंद पडू देऊ नये, ही विनंती.

आपली,
ठकी

ता. ६ मे

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, घाईत हात पुसून लिहिल्यासारखं. त्या दिवशी तू फोन सीटपाशी धरून इंजिन ऐकवलंस, ते मला ठीक वाटलं होतं. तरी तू म्हणतेस तर बघू.

चारही प्लग काढ आणि ज्या क्रमाने काढलेस त्याच क्रमाने रद्दी कागदावर मांड. टोक तपकिरी असेल तर सिलिंडर धडधाकट, काळं नि ओलं असेल तर तो कामचुकार. पाहिलेस की नवेच बसव, म्हणजे शंका नको. त्यानेही भागलं नाही तर उभ्या गाडीत रेस धरून राहावी म्हणून आयडलिंगचा स्क्रू अर्धा आटा आत घे.

त्यापलीकडे कार्बोरेटरला मात्र हात लावायचा नाही. फेब्रुवारीत तू आली होतीस तेव्हा मी स्वतः अंगणात तो उघडून, साफ करून बसवला आहे. माझ्या हातचं काम पुन्हा उघडावं लागत नाही.

इकडे सर्व ठीक. दारावरची बेल बिघडली आहे. तुझी आई म्हणते ती चांगली वाजते, आणि त्यावरून आमचा वाद चालू आहे. माया ठेव आणि प्लग घट्ट आवळ.

तुझा,
बाबा

ता. १० मे

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

प्लग चारही तपकिरी निघाले, एकाच्याही तोंडावर गुन्हा दिसत नव्हता. तरी नवे बसवले. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. स्क्रू आत घेतल्यावर इंजिन दिवसभर तग धरून राहिलं आणि काल चौकात, चारही पेशंट गाडीत असताना, दोनदा बंद पडलं. मागच्या ट्रकवाल्याने आपल्या घराण्याचा उद्धार केला.

माझ्या शेजारच्या सीटवर एक आजी बसतात. तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. इंजिन त्यांच्याच सीटखाली. त्या सहज म्हणाल्या की खालून सायकलची ट्यूब सुटल्यासारखी हवा जाते, आणि ही फुसफुस त्या गाडीत बसायला लागल्या त्या दिवसापासूनची आहे. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटापासूनची. जुन्या गाड्या अशाच बोलत असतील, म्हणून त्या गप्प राहिल्या.

सगळ्यांना सोडून आले, इंजिन चालू ठेवून सीट उचलली आणि कार्बोरेटरपाशी हात घातला. तुमची आज्ञा मोडली, माफी असावी. कार्बोरेटरच्या मागची बारीक रबरी नळी टोकाला नखाएवढी चिरली आहे, आणि इंजिन तिथून फुकटची हवा ओढतं. चिरेवर बोट दाबलं की आचके थांबतात, बोट काढलं की पुन्हा सुरू. पाच वेळा करून पाहिलं.

बाबा, ती फुसफुस ऐकायला ऑपरेटर असावं लागत नाही. सीट उचलली की हातभर अंतरावरून कोणालाही येते. इंजिन चालू असताना मी ती आजवर उचलली नव्हती, तुम्ही उचलली होती. मग फोनवरचं ते ठीक वाटणंही आठवलं. तुम्हाला कमी ऐकू येतं का? चूक काढायला विचारत नाही, मला भीती वाटते आहे.

लोभ आहे तसा असावा.

आपली,
ठकी

ता. १३ मे

चि. ठकीस,
आशीर्वाद.

जुनं रबर कधीही चिरतं. फेब्रुवारीत नळी धड होती.

नवी नळी आण. जुना तुकडा दुकानात बरोबर घेऊन जा, म्हणजे आतली जाडी बरोबर मिळेल. चिकटपट्टी गुंडाळू नकोस, उष्णतेने सुटते. नळी बसल्यावर स्क्रू होता तिथे परत आण, नाहीतर रेस चढलेली राहील. माझे कान हा विचारलेला विषय नव्हता.

बाबा

ता. १८ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गाडी पास झाली. व्यवस्थापक बाई घड्याळ घेऊन दहा मिनिटं गेटपाशी उभ्या होत्या, इंजिन एकदाही अडखळलं नाही. वर्षभराचं काम राहिलं. स्क्रू तुम्ही सांगितलात तिथेच आणला होता.

आता एकच लिहिते आणि मग या विषयावर लिहिणार नाही. नळी होती म्हणून चौकात बंद पडण्यावर भागलं. गॅरेजातून रोज तुमच्या हातच्या गाड्या बाहेर पडतात, आणि त्यांत बसणारी माणसं तुमच्या कानांवर भरवसा ठेवून बसतात. गॅरेजच्या मालकांना मी काही कळवणार नाही. तुम्ही सांगावं असं मला वाटतं.

रागावला असाल तर रागवा, पण लोभात खंड नसावा.

आपली,
ठकी

ता. २४ मे

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नळी फेब्रुवारीतच चिरली. मीच ती ओढून काढली, आणि तीच दाबून परत बसवली. इंजिन चालू केलं, वर तळहात ठेवला, थरथर फारशी लागली नाही म्हणून सीट खाली टाकली. तीन वर्षं मी हातानेच ऐकतो आहे. मेकॅनिकचे कान गेले हे बोलायची लाज वाटत होती. अजूनही वाटते.

सोमवारी मालकांकडे गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यांनी उत्तर कागदावर लिहून पुढे केलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यांना दोन वर्षांपासून ठाऊक आहे. संध्याकाळी मी घरी गेलो की शेजारच्या रॅम्पवरचा मेकॅनिक माझी प्रत्येक गाडी पुन्हा चालू करून ऐकतो, ब्रेक पाहतो, मगच ती गिऱ्हाइकाला देतात. त्याला काम मीच शिकवलं. सगळ्या गॅरेजाने मिळून मला पत्ता लागू दिला नाही. आता मी टेबलावर सुटे भाग नीट करणार आणि गाडीत बसवणार तो.

घरी येताना एकच गोष्ट डोक्यात होती. दोन वर्षांत माझ्या हातून गेलेली आणि मागून कोणी न तपासलेली गाडी एकच आहे. ती अंगणात केली होती. तिचे ब्रेकही त्याच दिवशी मी केले.

तुझ्या आईने लगेच फोन करून तुला ब्रेक दाखवून घ्यायला सांगितलंच आहे. तिथला मेकॅनिक ब्रेक पाहून काय म्हणाला ते मला लिही, शब्द न् शब्द, माझी भीड न ठेवता. माया कमी झाली असेल तर तेही लिही. नसेल तर आहे तेवढी राहू दे.

तुझा,
बाबा