वायर नीट बसली आहे का?

२ फेब्रुवारी २००७, शुक्रवार

इंटरनेट पुन्हा गेलं! सकाळी होतं, दुपारी नाही. मोडेमवरचा दिवा नुसता मिचमिचतोय.

कंपनीला फोन केला. फोनमध्येही खरखर. बराच वेळ गाणं ऐकवलं आणि मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमची सीडी टाकली का? त्यात सगळं सेल्फ-हेल्प आहे." म्हणजे पैसे यांनी घ्यायचे आणि मदत माझी मी करायची!

सीडी टाकली. पडद्यावर एक कार्टून डॉक्टर आला. गळ्यात स्टेथोस्कोप, तोंडभर हसू. पहिला प्रश्न – वायर नीट बसली आहे का? शेजारी चित्र. बाण दाखवतोय, मोडेमच्या मागची बारीक वायर 'टक्' होईपर्यंत आत ढकला. मी टेबलाखाली शिरले, आईला बॅटरी धरायला लावली. वायर काढली, पुन्हा बसवली. आईने विचारलं, "येवडीशी वायर? हीच्यावर चालते सगला?" म्हटलं, हो, ही जरा सैल झाली की खलास.

मग डॉक्टर म्हणाला, कम्प्युटर बंद करून सुरू करा. केला. पुन्हा पहिला प्रश्न – वायर नीट बसली आहे का?

हसतोय मेला.

४ फेब्रुवारी, रविवार

आज आपोआप आलं. का आलं, देवाला ठाऊक.

माझा भाऊ दिसला, एरॉल! कुवेतमध्ये टगबोटीवर आठवडाभर राबतो आणि रविवारी आम्हाला तोंड दाखवतो. हा कम्प्युटरही त्याच्याच पैशांतून आलाय. आई मिस्साहून आली ती चर्चची साडी न बदलताच खुर्चीत बसली. पडद्याला तोंड लावून ओरडते, "जेवला काय रे?" किती वेळा सांगितलं, आई, ओरडू नकोस, ऐकू जातं. तर म्हणे, कुवेत काय जवल हाय?

मग आत जाऊन एक ताजी सुरमई घेऊन आली आणि कॅमेऱ्यापुढे धरली. एरॉलच्या डोळ्यांत पाणी आलं, माशाकडे बघून! आई म्हणाली, "बघ, माझ्यापेक्षा मासलीवर जीव."

६ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र आलं!! धडगावच्या शाळेसाठी माझं नाव पहिल्या यादीत आहे. दोन वर्षं तिथेच राहून शिकवायचं. शनिवारी १७ तारखेला सकाळी अकराला मुलाखत, तीही कम्प्युटरवर. निवड समितीतल्या एक बाई दिल्लीला आहेत आणि एक सर पुण्याला, म्हणून.

बी.एस्सी. झाले तेव्हा पाचूबंदरभर पेढे वाटले होते पप्पांनी. तेव्हापासून मनात एकच – हे शिक्षण नुसतं भिंतीवर टांगायचं नाही. जिथे शिक्षक जायला तयार नाहीत तिथे मी जाणार.

आईला सांगितलं. ती कोयत्याने मासे साफ करत होती. "नंदुरबार जिल्हा? तिकडं समुंदर तरी हाय काय?" मग म्हणाली, "शिकवायाचा तर बंदरावरची पोरं काय कमी हाईत?" आणि शेवटी, "जा बाय. मी कोन अडवनार."

आई अशी आहे. शिकली नाही, पण मन मोठं.

७ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा बंद. दहा दिवसांवर मुलाखत आणि पुन्हा बंद!

डॉक्टर आला. वायर नीट बसली आहे का? बसली आहे! कम्प्युटर बंद-सुरू केला का? केला! मग शेवटी पाटी – समस्या सुटली नाही तर तक्रारीसाठी कोड घ्या. कोड घ्यायला गेले तर म्हणे, कोड मिळवण्यासाठी इंटरनेटला जोडा.

दोनदा वाचलं. इंटरनेट बंद आहे ही तक्रार करायला इंटरनेट हवं!

फोन केला तर ती मुलगी म्हणाली, "कोडशिवाय कम्प्लेंट बुक नाही होत मॅडम." मी म्हटलं, तुमचा डॉक्टर पेशंटला म्हणतो, आधी बरे व्हा मग दवाखान्यात या. ती म्हणाली, "धन्यवाद मॅडम, अजून काही मदत?"

हे सॉफ्टवेअर लोकांच्या मदतीसाठी बनवलेलंच नाही. लोक थकून गप्प बसावेत म्हणून बनवलंय. मी गप्प बसणार नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

शेजारची लिडिया मावशी दारात उभी राहून ऐकवून गेली, "ग्रॅज्युएट पोर आनि एक वायर सरल करता येइना!" आई हसली. डॉक्टर पडद्यावर आला की आई हल्ली चहा घेऊन शेजारी येऊन बसते. "आला गं तुजा डॉक्टर. रोज येतो, हसतो, कामाचा कायच नाय. असला जावई नको मला." तीही चित्रं बघून शिकली आता. बाण आला की माझ्याआधी बोट दाखवते, "तीच वायर, तीच!"

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं!! आणि कुणी शोधलं? मी! डॉक्टरने नव्हे.

दुपारी अंगणात कपडे काढायला गेले. खांबावरून आमच्या छपरापर्यंत कंपनीने जी काळी वायर आणली आहे, तिच्यावर बोंबील! जबड्यात जबडा अडकवून जोडी-जोडीने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वायर मध्ये पोट सुटल्यासारखी खाली आलेली आणि छपराजवळचा सांधा ताणून उघडा पडलेला.

"आई!!"

"आगो, मोकली दोरी दिसली, टाकले बोंबील. कोनाला ठाव तुजा इंटरनेट त्याच्यातना जाते?"

म्हणजे ओले बोंबील चढले की बंद, सुकून उतरले की चालू! आणि डॉक्टर विचारतो, कम्प्युटर बंद-सुरू केला का. अरे, बोंबील टाकले का ते विचार की! वसईत कनेक्शन विकता ना?

मी फार बोलले आईला. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुला बोंबील सुचतात, असंही बोलले. ती एकेक जोडी उतरवत राहिली. उतरवता उतरवता एवढंच म्हणाली, "एक कुवेतला. एक दर्यात. आता तू." पप्पा पाच दिवस मासेमारीच्या बोटीवर आहेत, त्यांचं म्हणत होती.

संध्याकाळी लाइनमनला गाठून सांधा बांधून घेतला. दिवा हिरवा. पक्का हिरवा.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सुरळीत. पुण्याच्या सरांशी चाचणी झाली, आवाज स्वच्छ, चित्र स्वच्छ. त्यांनी विचारलं, घरचे तयार आहेत ना? मी म्हटलं, माझ्या आईनेच आधी 'जा' म्हटलं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं तयार. निळी साडी काढून ठेवली. सीडी कपाटात टाकली, कायमची! आईने नोव्हेना सुरू केलाय, नऊ दिवसांची प्रार्थना. माझ्यासाठीच असणार.

१७ फेब्रुवारी, शनिवार



सकाळी आई लवकर उठली. टेबलाखालचा केर काढला, कम्प्युटर पुसला. म्हणाली, "लोकांना घर साफ दिसाया पायजे." मी न्हाऊन, साडी नेसून साडेदहाला बसले. दिवा मिचमिचतोय.

अंगणात धावले. वायर मोकळी, सांधा घट्ट. "आई, बोंबील टाकले नाहीस ना?" "बोंबील दोरीवर हाईत. बघ की." खरंच दोरीवर होते.

कंपनीला फोन लावला. आज खरखरही नाही, आवाज खणखणीत! म्हणे, सीडी टाका मॅडम. टाकली. डॉक्टर आला, हसला. वायर नीट बसली आहे का? न बघताच 'हो' दाबलं. किती वेळा बघायचं! कम्प्युटर बंद-सुरू केला. पुन्हा तोच प्रश्न. हो! पुन्हा. हो, हो, हो! घड्याळात अकरा वाजत आले.

रिक्षा करून पारनाक्याला सायबर कॅफेत गेले. शटर अर्धं खाली. "लोडशेडिंग आहे, एकनंतर या." तिथेच पायरीवर बसले. पुण्याच्या सरांना मोबाइल लावला. ते थांबले असते, पण दिल्लीच्या बाईंची पुढची वेळ ठरलेली होती. "पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा," म्हणाले. गोड आवाजात. त्या डॉक्टरसारखं.

घरी येऊन सीडी मोडली. सहज मोडत नाही, वाकते. कोयत्याखाली धरली तेव्हा तुटली. ज्याने हे बनवलं त्याचं कधीही भलं होऊ नये. मी असं कुणाला म्हटलं नव्हतं आजवर.

आईने विचारलं नाही काय झालं. ताटात माझ्या आवडीचं बोंबलाचं कालवण होतं. माझ्या पाठीवर हात ठेवून बसली नुसती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. या घरात माझ्या बाजूने ती एकटीच आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या मिस्साच्या घंटेने जाग आली. आई चर्चची साडी नेसून टेबलाखाली वाकलेली. शोधावं लागलं नाही तिला. सरळ मोडेमच्या मागे हात घातला आणि ती बारीक वायर ढकलली, 'टक्' होईपर्यंत, चित्रात दाखवतात तशी.

दिवा हिरवा झाला. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.

आज एरॉलचा दिवस.