ऑपरेशन न झालेल्या कानाची पट्टी

गुरुवार, संध्याकाळ. जालना.

ती पट्टी डोळ्यांपुढून हलतच नाही. आज आमच्या मेडिकल कॉलेजची तपासणी होती. ऑपरेशन थिएटर चकाचक दिसावं म्हणून बंद ठेवलं, आणि ज्यांची ऑपरेशनं पुढं ढकलली त्यांच्याच कानांवर पट्ट्या बांधून त्यांना खाटांवर निजवलं! का, तर कान-नाक-घसा विभागात काम जोरात चाललंय असं दिसावं. हसनाबादच्या सुमनबाईंचं कानामागचं हाड आतून सडत चाललंय. किती हेलपाट्यांनी त्यांना तारीख मिळाली होती. ती आजचीच.

तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी वाकून, मोठ्यानं विचारलं, "बाई, ऑपरेशन झालं का?"

कानाच्या अशा दुखण्यानं ऐकू कमी येणाऱ्या पेशंटना स्वतःचा आवाज आतून मोठा वाटतो, म्हणून ते हळू बोलतात. दरवर्षी मीच शिकवतो हे पोरांना. सुमनबाई तशाच हळू म्हणाल्या, "न्हाई हो. सकाळपासून नुस्ती पडून राह्यले मी."

"काय म्हणतात?"

आमचे विभागप्रमुख ताडकन म्हणाले, "बराबर ऐकू येतंय म्हणतात, सर!"

काय हा निर्लज्जपणा! पण मीही खाटेला टेकूनच उभा होतो की. आत्ता एवढा संताप येतोय, तेव्हा कुठं गेल्ता?

सगळे गेल्यावर पट्टी मीच सोडली. आतला कापूस कोरा, पांढराशुभ्र. बाईंनी तसंच हळू विचारलं, "मंग उद्या करता का, साहेब?"

तपासणीवाल्यांना त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही, एक वेळ मानू. माझे कान तर शाबूत होते.