आईच्या फायलीतल्या तीन ओळी

३ तारीख, सोमवार
लागली एकदाची नोकरी! इस्पितळाच्या नोंदणीखोलीत टाइपिस्ट. खिडकी, पंखा आणि चालू स्थितीतला संगणक, तिन्ही एकाच खोलीत! आई म्हणाली, डॉक्टर होता होता राहिलीस, निदान शब्द तरी शीक. शिकतेय. फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साचलं तर प्लूरल इफ्यूजन, पू झाला तर एम्पायमा. अर्धं अंग लुळं पडलं तर हेमिप्लेजिया, दोन्ही पाय गेले तर पॅराप्लेजिया. वरिष्ठ कारकुनांना सगळे फायलीबाबा म्हणतात. त्यांची पद्धत अशी: नवा रुग्ण आला की जुन्याच फायलीवर नाव बदलायचं, नको त्या ओळी उचलून मेलेल्यांच्या फायलीत ठेवायच्या. पुसायची एकही नाही. का, ते सांगत नाहीत. म्हटलं, आज्ञा पडत्या फळाची.

७ तारीख, शुक्रवार
आज घोळ झाला. एका सुताराला न्यूमोनिया झालाय. त्याच्या फायलीत आधीच्या रुग्णाची ओळ राहून गेली: उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया. कागद परत आणायला वॉर्डात धावले, तर त्याचा उजवा हात खरंच निपचित पडलेला. सकाळी त्याच हातानं कप धरला होता, असं बायको रडत सांगत होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, दुसरं काय?

११ तारीख, मंगळवार
आईला दाखल केलं. न्यूमोनिया. घाईघाईत समोर होती त्याच फायलीवर तिचं नाव घातलं आणि कागद पाठवून दिला. तीन ओळी तशाच राहिल्या. एम्पायमा. पॅराप्लेजिया. श्वासाच्या स्नायूंचा लकवा. माझ्याच हातानं.

१२ तारीख
आईच्या छातीतून नळीनं पू काढला. पाय हलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, दोन्हींचा संबंध लागत नाही. मला लागतो. फायलीबाबांचे पाय धरले. म्हणाले, वॉर्डात गेलेली ओळ हलवता येत नाही. पुसता येते, पण मग ती पुसणाऱ्याच्या अंगावर येते. त्यांनी डावी बाही वर केली. हात वाळून काठी झालाय. बायकोची एकच ओळ पुसली होती त्यांनी.

१३ तारीख
पहिली पुसली. दुपारी आईचा ताप उतरला. माझ्या बरगड्यांत कळा — खोकताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

१४ तारीख
दुसरी पुसली. आईनं पाय मुडपले म्हणे, चहा मागितला. मला खुर्चीतून उठता येत नाही — फायलीबाबा म्हणाले, पुरे, तिसरी राहू दे, तिचं वय झालंय. त्यांच्यावर ओरडले. खूप भीती वाटते.

१५, सकाळी
आईचा श्वास अडकतोय असा निरोप आला — पुसली —

१५, दुपारी
आई बरी आहे. चालत आली इथं — माझ्याकडे बघून तोंडावर हात —
फायलीबाबांनी माझी फाईल केलीय, दाखल करायला, त्याच तीन ओळी — आईनं विचारलं, ह्या ओळी काढता येतात का — त्यांनी मान डोलावली — मला आवाज फुटत नाही — आई खुर्ची ओढून संगणकापुढे बसली, चष्मा पुसतेय — हे वाच आई, आधी हे वाच — पुसू न