दगडांची अकरा कडी

केदारखेडा,
१७ सप्टेंबर १९९२, दुपार

प्रिय दुर्गा,

अक्षर वाकडंतिकडं झालंय, तेवढं चालवून घे. स्टँडवर बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय आणि हे ज्या गाडीनं पाठवायचंय ती दोनची गाडी कधीही लागेल. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. रविवारी तुझे सर वनखात्याच्या साहेबांना घेऊन येणार. त्यांना तुझी ती दुर्मिळ खरपुडीची वेल दिसली तर आपला माळ राखीव राहणार, नाहीतर ओसाड जागा म्हणून खड्डे खोदून निलगिरी लावणार. वीस वर्षं मी त्या माळाची राखण केली, पण तू दाखवेपर्यंत तिचं ते कंदिलासारखं फूल माझ्या नजरेला पडलं नव्हतं. लहानपणी शेळ्यांमागे जाऊन तू तिचे कंद खायला ओच्यात भरून आणायचीस आणि आता त्याच खरपुडीवर प्रबंध लिहितेस, याची मला अजून गंमत वाटते.

रोपांवर कुणाचा पाय पडू देऊ नका, असं तू बजावलं होतंस. म्हणून मागच्या आठवड्यात मी अकराही रोपांभोवती पांढऱ्या दगडांची कडी मांडली. आज सकाळी जाऊन बघतो तर प्रत्येक कड्याच्या मधोमध खड्डा, वेली बाजूला मलूल पडलेल्या, आणि कंद एकही नाही. दगड मात्र जिथल्या तिथे. माझं डोकंच फिरलं. तातेराव तिथंच मेंढरं चारत होता, त्याला नाही नाही ते बोललो. इतकी वर्षं एकमेकांची भाकर खाल्ली, तरी बोललो. तो मात्र वेली गोळा करायला माझ्याशेजारी बसला. मग ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही दोघांनी बारावं रोप शोधलं. सापडलं नाही.

घरी येऊन तुझ्या आईला सांगायला लागलो तर ती हसायलाच लागली. वाळकाच्या वेलीला चांगलं फळ धरलं की आपण भोवती दगड मांडतो, ते तुला ठाऊक आहे. ते माहेरी येणाऱ्या लेकीचं, त्याला घरातलं दुसरं कुणी हात लावत नाही. ती म्हणाली, "तुमीच तर दगडं मांडून ठिवली व्हती. म्या म्हणलं, पोरीसाठी राखलंय, मंग काढून दिलं पाठवून." दुखऱ्या गुडघ्यांनी काल संध्याकाळी खुरपं घेऊन ती एकटी माळ चढली होती. पाणी प्यायलो आणि स्टँडवर आलो. तिला अजून कशाचाच पत्ता नाही. तातेरावची माफी मात्र वाटेत मागून आलो.

डबा सकाळच्या गाडीनं धर्मराज कंडक्टरबरोबर गेलाय, एव्हाना तुझ्या हातात पडलाही असेल. वर धपाटे आहेत, ते खा. खाली फडक्यात बांधलेत ते कंद खाऊ नकोस, मैत्रिणींना वाटू नकोस. ओल्या मातीत ठेव आणि उद्याच्या पहिल्या गाडीनं घेऊन ये. वेली मी ओल्या गोणपाटात ठेवल्यात, तातेराव खड्ड्यांपाशी बसून आहे. आणि हे पत्र पोचायच्या आत एखादा तोंडात टाकलाच असशील, तर गोड होता म्हणून आईला सांग. मला सांगू नकोस.

तुझाच,
अप्पा